गुरवांना लागला तेवढा वेळ

रमाकांत गुरव हे नाव मी कंपनीच्या हजेरीपटावर कितीतरी वेळा वाचलं असेल, पण माणूस म्हणून ते मला पहिल्यांदा दिसले ते कँटीनच्या बेसिनपाशी. वाकून ओकत होते. दुपारच्या जेवणाची वेळ, दोनशे माणसं ताटं घेऊन बसलेली, आणि पन्नाशीचा, पांढऱ्या कोटातला हा माणूस बेसिनची कड दोन्ही हातांनी धरून ओकतोय. मागच्या टेबलावरचं कुणीतरी "शी!" म्हणालं. कुणीतरी हसलं. एकाने मोबाईल वर धरला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गुरवांनी नळ सोडून बेसिन धुतलं, कोपऱ्यातलं फिनेल आणून ओतलं, पुन्हा धुतलं, खिशातल्या रुमालाने तोंड पुसलं आणि न जेवता निघून गेले.

मला किळस आली. तेव्हा ती गुरवांची आली असं वाटलं होतं. ती कुणाची यायला हवी होती हे मला बरंच उशिरा कळलं.

चाकणला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरला होते. माणसांचं सगळं आमच्याकडे, असं आमचे साहेब म्हणायचे. माणसांचं सगळं म्हणजे सुट्ट्या, वॉर्निंग लेटर आणि वाढदिवसाचा केक. त्या दुपारी काय झालं ते मला कँटीनमध्ये वाढणाऱ्या लताबाईंनी सांगितलं. लताबाई चाकणजवळच्याच जुन्या गावातल्या. कंपनीत कुणाच्या पोटात काय दुखतंय हे त्यांना ताटावरून कळायचं.

"अवो मॅडम, पोट न्हाई बिघडलं त्यांचं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या टेबलावर दिवेकरांनी डबा उघडला. भरली वांगी व्हती. बायकोच्या हातची."

"दिवेकरांच्या बायकोच्या?"

लताबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गुरवांच्या."

दिवेकर आमच्या डिस्पॅचचे मॅनेजर. ते आणि गुरव एकाच आठवड्यात कंपनीला लागले, रावेतला एकाच रस्त्यावर राहायचे, एकाच बसने यायचे. दिवेकरांनी लग्न केलं नव्हतं. एकटा माणूस, बाहेरचं खाऊन पोट बिघडवतो, म्हणून गुरवांच्या घरून त्यांच्यासाठी वेगळा डबा यायचा. अकरा वर्षं यायचा. तो डबा घरापासून बसपर्यंत आणि बसपासून कँटीनपर्यंत रोज गुरव स्वतः आणायचे, एका हातात आपला आणि दुसऱ्या हातात मित्राचा. मग एका उन्हाळ्यात गुरवांची बायको घर सोडून गेली आणि दिवेकर पिंपळे सौदागरला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. कंपनीतल्या लोकांना बेरीज करायला एक दुपार पुरली.

ती बाई का गेली, मला माहीत नाही. लोकांना मात्र सगळं माहीत होतं. बसमध्ये, वॉशरूममध्ये, चहाच्या टपरीवर जो तो जाणकार झाला होता. गुरव फार थंड आहेत, कुणी म्हणे. गेज रूममध्ये वीस डिग्रीत बसून बसून गार पडले, असा एक विनोद निघाला आणि तो सहा महिने चालला. सांगताना प्रत्येकाला वाटायचं, आपणच पहिल्यांदा करतोय. तो ऐकून मीही एकदा हसले होते. ते इथे लिहून ठेवते.

गेज रूम म्हणजे कारखान्यातली मापं तपासायची खोली. शॉपमध्ये वापरायची मोजमापाची सगळी साधनं तिथे ठरावीक दिवसांनी तपासायला येतात. खोलीचं तापमान बारा महिने वीस डिग्री. बाहेर मे महिन्यात पत्रा तापलेला असायचा आणि आत गुरव बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घालून बसलेले. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. दारात एक कोरडं फडकं असायचं, त्याला हात पुसायचे, मगच कशाला शिवायचं. घामाच्या हाताने गेजवर बोट उमटलं तर गुरवांच्या कपाळावर आठी पडायची. रागवायचे नाहीत. फक्त ते गेज उचलून पुसत राहायचे, बोट उमटवणारा ओशाळेपर्यंत.

मशीनवरून पार्ट उतरला की गरम असतो. गरम असताना मोजला तर माप खोटं येतं, हा त्या धंद्यातला साधा नियम. प्रॉडक्शनवाल्यांना तेवढा दम नसायचा. एकदा मी हजेरीच्या कामाने तिथे गेले असताना प्रॉडक्शनचा मॅनेजर दारात उभा राहून ओरडत होता.

"गुरव, गाडी उभी आहे खाली! माप घ्या आणि द्या ना राव!"

"बसू दे त्याला," गुरव म्हणाले.

"किती वेळ?"

"निवेपर्यंत."

"अहो, म्हणजे किती?"

"मी काय सांगू? त्याला विचारा," म्हणून त्यांनी दगडी टेबलावरच्या त्या लोखंडी तुकड्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या वहीत डोकं घातलं.

कँटीनमधल्या त्या प्रकारानंतर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्यापर्यंत गोष्ट 'हायजीन कम्प्लेंट' म्हणून पोहोचली होती. "त्यांच्याशी बोला आणि इश्यू क्लोज करा," ते म्हणाले. मी गुरवांना बोलावलं. आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी आमच्या कोर्समध्ये शिकवलेली सगळी वाक्यं म्हटली. आम्ही तुमच्यासोबत आहोत, तुम्ही आमच्या परिवाराचा भाग आहात, वगैरे. त्यांनी ती पावसात उभ्या म्हशीने सरी घ्याव्यात तशी शांतपणे अंगावर घेतली.

मग म्हणाले, "मॅडम, एकच करा. माझी जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे ढकला. तो वास नको. बाकी मी बघतो."

अर्धा तास. एवढंच मागितलं त्या माणसाने. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. आणि पर्सनल मॅटर घरी ठेवायचं असतं." मी तो नकार टाईप केला, खाली माझी सही केली आणि पाठवून दिला. माझ्या फाईलमध्ये मी लिहिलं होतं, 'कर्मचाऱ्याचे समुपदेशन करण्यात आले. समाधानकारक.' आजही ते वाक्य आठवलं की आंबलेल्या दुधाचा घोट तोंडात यावा तसं होतं.

गुरव कँटीनमध्ये यायचे थांबले. गेटबाहेरच्या टपरीवर उभ्या उभ्या केळी खायचे. दोन केळी आणि एक चहा. कंटेनरची धूळ उडायची, ट्रकचे ड्रायव्हर शेजारी तंबाखू थुंकायचे, आणि हा माणूस केळ्याची साल नीट घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. लोक जाता-येता विचारायचे. आपल्याकडे विचारपूस म्हणजे खपली निघते का ते नखाने बघणं.

"काय गुरवसाहेब, सावरलात की नाही आता?"

"अजून नाही."

"अहो, वर्ष होत आलं!"

"हो ना."

एवढंच. त्यात तक्रार नसायची, लाजही नसायची. दाढ दुखायची थांबली का, याला द्यावं तसं उत्तर. विचारणाऱ्याचीच पंचाईत व्हायची. त्याला एक तर रडणारा गुरव हवा असायचा नाहीतर हसणारा. हा तिसराच निघायचा.

त्याच सुमारास साहेबांनी 'मनःस्वास्थ्य' नावाचं सत्र ठेवलं. पुण्याहून एक ट्रेनर आला, चकचकीत जॅकेट घातलेला. त्याने प्रत्येकाला एकेक फुगा वाटला. आपलं दुःख आठवायचं, ते फुग्यात फुंकायचं, आणि तीन म्हटलं की फुगा फोडायचा. झालं दुःख मोकळं. गाणं लावलं. माणसं दोन-दोन पोरांचे बाप असून गालफडं फुगवून फुंकत होती. मी सगळ्यांचे फोटो काढत होते, ते माझं काम होतं. गुरव शेवटच्या रांगेत रिकामा फुगा हातात घेऊन बसलेले.

ट्रेनर माईक घेऊन त्यांच्यापाशी गेला. "सर! लेट गो! धरून नका ठेवू! फुगवा आणि फोडा!"

"फुगवायलाच जमत नाहीये, फोडू काय?" गुरव म्हणाले.

माईक चालू होता. हॉलभर ऐकू गेलं. हसायला हवं तिथे कुणी हसलं नाही. दिवेकर दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचा फुगा फुगलेला होता, गुलाबी, आणि तीन म्हटल्यावर त्यांनी तो फोडला. मी तोही फोटो काढला.

सत्रावर साहेब खूष होते. गुरवांचं ते "बसू दे त्याला" त्यांच्याही कानावर आलं होतं आणि त्यांच्या डोक्यात कल्पना शिरली. आठ दिवसांत कँटीनच्या बाहेर, जिन्यात आणि गेज रूमच्या दारावर पोस्टर लागलं. उगवता सूर्य, ध्यानाला बसलेली बाई आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'बसा. निवा. पुढे चला!'

गुरवांनी आपल्या दारावरचं पोस्टर काढलं. फाडलं म्हणणारे म्हणोत, मी तिथे होते, त्यांनी चारही कोपरे नखाने सोडवून काढलं. मग जिन्यातलं काढलं. कँटीनबाहेरचं काढताना मात्र एक कोपरा सुटेना आणि ते मधोमध टरकन फाटलं. साहेब तिथेच उभे होते.

"गुरव! हे काय चाललंय?"

"मी पार्टबद्दल बोललो होतो," गुरव म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच काय तो ऐकला. "लोखंड निवतं. वीस डिग्री, चार तास, निवलं. माणसाचं तसं असतं, असं कोण म्हणालं तुम्हाला? कुठल्या खोलीत ठेवणार आहात मला?"

कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल आणि गैरवर्तनाबद्दल पत्र द्यायचं ठरलं. ते मीच तयार केलं. अशा पत्रांचा एक ठरीव नमुना असतो, नाव आणि तारीख बदलायची. 'आपल्या मानसिकतेत व वर्तनात सहा आठवड्यांच्या आत अपेक्षित सुधारणा न झाल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.' पुढील कारवाई म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नाशीतल्या माणसाला चाकणात दुसरी नोकरी कोण देतो?

गुरवांनी ते पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "सहा आठवडे कुठून आले?"

"फॉर्मॅट आहे हो," मी म्हणाले.

"कुणाला लागतात सहा आठवडे? माहितीत आहे कुणी?"

त्यांचा स्वर खरोखर चौकशीचा होता. असं कुणी असेल तर त्याला भेटायला गेले असते, असा.

"मला किती लागतील ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "आणि नसलेलं माप मी लिहीत नाही. आयुष्यात लिहिलं नाही." मग पेन काढून त्यांनी पत्राच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुदत मान्य नाही. माझे काम तपासावे.' सही केली आणि पत्र माझ्याकडे सरकवलं.

माझ्या नोकरीत मी धाडसाची म्हणावी अशी एकच गोष्ट केली, तीही फार मोठी नाही. ते पत्र साहेबांकडे पाठवताना त्याला मी गेज रूमच्या तपासणीचे सगळे जुने अहवाल जोडले. ग्राहक कंपनीची माणसं दर वर्षी येऊन तपासायची आणि गेज रूमच्या पानावर एकही शेरा नसायचा. बायको गेली त्या वर्षीही नव्हता. त्याच महिन्यात पुढची तपासणी होती. साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, "तपासणी होऊ द्या, मग बघू." तपासणी झाली. पानावर शेरा नव्हता. मग कुणी काही बघितलं नाही. पत्र माझ्या खणात राहिलं.

त्यानंतर गुरव माझ्याशी थोडं बोलायला लागले. आमची बस एकच होती. तळेगाव-चाकण रस्त्यावर गाडी एकदा अडकली की तास-तास हलत नाही, तेव्हा शेजारच्या माणसाशी एक तर भांडण होतं नाहीतर ओळख. माझंही तेव्हा घरात काही ठीक नव्हतं. ते सांगायची ही जागा नाही. पण माझं तोंड पाहून त्यांना कळलं असावं, कारण न विचारता एका संध्याकाळी ते म्हणाले, "स्वतःला शिव्या देता का मॅडम?"

"म्हणजे?"

"मी द्यायचो. रोज सकाळी आरशासमोर. दाढी करताना. अकरा वर्षं डबा वाहिलास गाढवा, म्हणायचो. आपल्याला वास कसा नाही आला, म्हणायचो. त्या दोघांपेक्षा माझीच मला किळस जास्त यायची. दाढी करताना दोनदा कापून घेतलं मी."

"मग?"

"मग एक दिवस म्हटलं, त्यांनी केलं ते केलं. त्यात आपण कशाला रोज भर घालायची?" खिडकीबाहेर एका टेम्पोवाल्याने काच खाली करून पचकन पिंक टाकली. गुरवांनी तोंड वाकडं केलं आणि पुढे बोलले, "लगेच थांबत नाही ते. सवय लागते शिव्यांची. आता आठवड्यातून दोन-तीनदा. ज्या दिवशी नाही दिल्या, त्या दिवशी जमलं म्हणायचं. ज्या दिवशी दिल्या, त्या दिवशी दिल्या म्हणून परत शिव्या द्यायच्या नाहीत. हे दुसरं फार अवघड आहे."

घरी काय करता, असं विचारलं तर म्हणाले, कुकर लावतो. पहिले काही महिने तोही जमत नव्हता, शिट्ट्या मोजता मोजता मन कुठेतरी जायचं आणि वरण करपायचं. करपलेलं तसंच खायचे. "आता मोजता येतात," म्हणाले. "काल चार मोजल्या. तीन हव्या होत्या. पण मोजल्या."

आणि एक दिवस ते कँटीनमध्ये आले.

आत नाही आले. दारात उभे राहिले, पाणी प्यायले, गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या आठवड्यात दाराजवळच्या पहिल्या टेबलावर बसले आणि ताट न घेता उठले. लोकांना मोठा तमाशा मिळाला. "आज किती मिनिटं टिकले?" असं एकमेकांना विचारायचे. पुण्यातले दोन इंजिनिअर तर चहाची पैज लावायचे. शिकलेली पोरं, चांगल्या घरची. माझ्या घशाशी यायचं ऐकून.

लताबाईंनी काही न बोलता एक गोष्ट केली. पहिल्या टेबलावर रोज एक वाटी दहीभात झाकून ठेवायला लागल्या. फोडणी नाही, मसाला नाही, कशाचा वास म्हणून नाही. गुरव आले तर आले.

"न्हाई आले तर मी खाते," मला म्हणाल्या. "वाया थोडंच जातंय?"

मधे एक वाईट टप्पा आला. गुरव सलग आठ दिवस जेवले आणि नवव्या दिवशी बेसिनकडे धावले. परत टपरी, परत केळी. मला वाटलं, संपलं आता. मी बसमध्ये तसं म्हटलंही, "इतकं झालं होतं हो, परत पहिल्यापासून!" तेव्हा गुरव माझ्यावर चक्क वैतागले. "पहिल्यापासून कसं? आठ दिवस जेवलो ते काय उलटून पडले? ते पोटात आहेत." आणि महिन्याभराने पुन्हा त्या टेबलावर येऊन बसले.

असं करत करत पुढचा उन्हाळा आला. गुरव आता रोज जेवत होते, दारापासून तिसऱ्या टेबलावर, स्वतःचा डबा. वरण-भात आणि कसली तरी पाणचट भाजी. दिवेकर आपले खिडकीपाशी. मधे सात टेबलं. आणि एका दुपारी दिवेकर उठले आणि ती सात टेबलं ओलांडून गुरवांच्या समोर येऊन बसले. मी दोन टेबलं सोडून होते.

दिवेकर तसे गोड बोलणारे. त्यांनी स्टीलची एक छोटी डबी टेबलावर ठेवली. "रम्या," ते म्हणाले, "किती दिवस असं? झालं ते झालं. मलाही बरं वाटत नाही रे. ती पण विचारते तुझ्याबद्दल. कारळ्याची चटणी दिलीय. तुला आवडते म्हणून."

त्या चटणीचा वास माझ्यापर्यंत आला. खमंग, लसणाचा. मी गुरवांकडे पाहिलं. त्यांचा घास हातात होता. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. मला वाटलं, आता ओकणार. सगळ्यांनाच वाटलं. कुणाचा तरी मोबाईल परत वर गेला.

गुरवांनी घास ताटात ठेवला. डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला.

"दिवेकर," ते म्हणाले, "मला तुझी किळस येते."

आवाज चढला नव्हता. हजेरी सांगावी तसं म्हणाले.

"पहिल्यांदा दिवसभर यायची. आता फक्त जेवताना येते. कमी होतेय. किती दिवसांनी जाईल माहीत नाही, जाणारही नाही कदाचित. पण मी बघतोय माझं. तू मधे येऊन ती वाढवू नकोस. तुला बरं वाटावं म्हणून मी चटणी खाणार नाही. उचल ती डबी."

दिवेकर म्हणाले, "अरे, माणुसकी म्हणून..."

"उचल."

दिवेकरांनी डबी उचलली. परत खिडकीकडे जाताना त्यांना ती सात टेबलं फार लांब पडली असावीत. चारशे डोळे. मोबाईल धरलेला हात खाली आला, कारण लताबाई खरकट्याची बादली घेऊन नेमक्या त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय रं, जेवलास का? मग ऊठ की," त्या म्हणाल्या.

गुरवांनी तो ठेवलेला घास परत उचलला. तोंडापर्यंत जायच्या आत भात ताटात सांडला. पुन्हा उचलला. पाळीची घंटा झाली, लोक उठून गेले, टेबलं पुसली गेली, तरी ते जेवत होते. एकेक घास, मधे पाणी, मधे नुसतंच बसणं. मी उठले नाही. काम होतं, साहेबांचा फोन वाजत होता, पण उठले नाही. लताबाईंनी तेच एक टेबल तीनदा पुसलं. ताट रिकामं झाल्यावर गुरवांनी डबा धुतला, झाकण लावलं, आणि आमच्या दोघींकडे न बघता गेज रूमकडे निघून गेले.

त्यांनी दिवेकरांना माफ केलं, असं पुढे कंपनीत काही जण सांगायला लागले. लोकांना गोष्टीचा शेवट गोड लागतो. मी विचारलं तेव्हा गुरव म्हणाले, "छे हो. माफ-बिफ काही नाही. झोप लागायला लागली, एवढंच."

त्या वर्षाच्या शेवटी मी ती नोकरी सोडली. साहेबांनी केक कापला, सोबत राहिल्याबद्दल परिवाराच्या वतीने आभार मानले. गुरव त्या कार्यक्रमाला आले नाहीत, मला बरंच वाटलं.

गुरवांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्षभराने, आमच्या भागातल्या एका पोहण्याच्या तलावावर. डॉक्टरांनी पाठीसाठी पोहायला सांगितलं म्हणून मी सकाळच्या बायकांच्या बॅचला नाव घातलं होतं. नाव घातलं, पण उतरत नव्हते. चार दिवस नुसती काठावर उभी राहून परत जात होते. क्लोरीनचा उग्र वास, कडेला चिकटलेले केस, एकदा तर कुणाची तरी जखमेची पट्टी तरंगताना दिसली. इतक्या अंगांवरून गेलेलं पाणी. विचारानेच अंग आक्रसायचं.

पाचव्या दिवशी मी लवकर पोहोचले. पुरुषांची बॅच अजून संपायची होती. उथळ भागात, कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर पिवळी रबरी टोपी आणि डोळ्यांवर गॉगल चढवून गुरव उभे होते. दोन्ही हातांनी काठाचा लोखंडी बार धरलेला. त्यांच्या वयाचं तिथे कुणी नव्हतं.

"काका, सोडा की तो बार आता!" काठावरून कोच ओरडत होता. "बुडायला गळ्याएवढं तरी पाणी आहे का?"

"ओरडू नका हो, ऐकू येतंय," गुरव म्हणाले.

त्यांनी एक हात सोडला. तो पाण्यावर पसरला, परत घेतला. मान खाली घालून पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मोठा श्वास घेऊन चेहरा पाण्यात बुडवला. पिवळी टोपी तेवढी वर दिसत होती आणि भोवती बुडबुडे फुटत होते. बारवर दोन बोटं राहिली होती. मग पाय हळूच वर आले, पांढरे, बारीक, आणि अंग आडवं झालं. बोटं सुटली. चार-पाच सेकंद असतील. मग एकदम धडपडून, नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत ते उभे राहिले आणि हसले. मोठ्याने, खाकरत, नाक शिंकरत. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

शिट्टी झाली. बाकीचे भराभर वर आले. गुरव सगळ्यात शेवटी, शिडीची एकेक पायरी धरून. टोपी काढली, केस विस्कटलेले, नाकाचा शेंडा लाल. मला ओळखलं. कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली मी, टॉवेल गळ्याशी धरून. माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांना दिसलं असणार.

त्यांनी मागे वळून पाण्याकडे एकदा नीट पाहिलं.

"काल घाण होतं," ते म्हणाले. "आज बरं आहे. उतरा."